अंगावरून वारं गेल्यावर पुन्हा मागावर बसावं का?

माग_आणि_मी

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, वय ६३. नोकरी बँकेत झाली, पण घर विणकरांचं. आजोबा पोटासाठी तेलंगणातून इकडे आले, वडिलांनी जन्मभर चादरी विणल्या. वडील गेल्यावर त्यांचा माग मी मोडीत जाऊ दिला नाही. पुढच्या खोलीत मांडून ठेवला आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी विणत राहिलो. टॉवेल, आसनपट्ट्या, नातीला दुपटं, कुणाच्या लग्नात द्यायला एखादी चादर. २५ वर्षांचा नाद आहे.

१४ महिन्यांपूर्वी अंगावरून वारं गेलं, डाव्या बाजूवरून. सकाळी चहाचा कप हातातून निसटला. सौ. म्हणाली, तोंड वाकडं दिसतंय. तिने शेजाऱ्यांना हाक मारून तसंच रिक्षात घातलं. दोन तासांच्या आत इंजेक्शन मिळालं म्हणून आज हे लिहितोय. आता काठीशिवाय चालतो. डावा खांदा उचलतो, कोपर सरळ होतं, मूठ मिटते, पण उघडायला वेळ लागतो. बोटांची बारीक कामं होत नाहीत.

आमचा माग चौकटीचा, दोरीच्या धोट्याचा. उजव्या हाताने दोरीची मूठ ओढली की आडवा धागा घेऊन धोटा पळतो. डाव्या हाताने फणीची चौकट अंगाकडे ओढून बाण्याचा, म्हणजे तो आडवा, धागा ठोकायचा. पायाने पावड्या दाबायच्या. तिन्ही गोष्टी एका तालात. गेल्या महिन्यात बसून पाहिलं. उजवा हात आपलं काम करून मोकळा होतो, डावा मागे राहतो. ताण्यातला, म्हणजे उभा, धागा तुटला तर गाठ मारता येत नाही, सौ.ला हाक मारावी लागते. अर्ध्या तासात घामाघूम झालो. उठलो आणि मागावर जुनी चादर टाकून ठेवली.

मुलगा म्हणतो, खोली मोकळी करा, तुम्हाला जिना नको, खाली पलंग टाकू. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. एक गृहस्थ माग घ्यायला तयार आहेत, त्यांच्या हॉटेलात शोभेसाठी ठेवणार आहेत. तीन रात्री मला झोप नाही.

मोठ्या आजारानंतर हाताच्या छंदाकडे कुणी परत गेलंय का? कसे गेलात? की सोडून दिलंत, आणि सोडल्यावर बरं वाटलं? दोन्ही ऐकायचंय.

भाकरी_शेंगाचटणी

काका, माग विकू नका. बाकीचं रात्री लिहितो, आज आमच्याकडे पाण्याचा दिवस आहे.

सातरस्ता

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

माझे वडील शिंपीकाम करायचे. त्यांना पॅरालिसिस झाला तेव्हा उजवा पाय कमजोर राहिला. घरात सगळे म्हणायचे, मशीनवर बसा, मन रमेल. मीही म्हणायचो. एक दिवस कुणाला न सांगता मशीन सरकवायला गेले, तोल गेला आणि खुबा मोडला. त्यानंतर ते अंथरुणातून नीट उठलेच नाहीत. आजही वाटतं, आम्ही त्यांना मशीनकडे इतकं ढकललं नसतं तर बरं झालं असतं. छंद माणसासाठी असतो. बसवेना झालं तर सोडण्यात कमीपणा नाही. मुलाचंही ऐका.

पटाशी

सातरस्ता, वाचून वाईट वाटलं. तुमची भीती खरी आहे. पण वडील पडले ते मशीन सरकवताना. शिवताना पडले असते तर वेगळी गोष्ट.

माझं सांगतो. लाकडावर कोरीवकाम करतो. देव्हाऱ्याच्या पट्ट्या, चौरंगाचे पाय. ५१व्या वर्षी हार्ट अटॅक आला, दोन स्टेंट पडले. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, हलकी कामं करा. मी थेट पटाशी उचलली. सागाचा तुकडा डाव्या हातात धरला, उजव्याने पटाशी, आणि ती घसरून अंगठ्याच्या मुळाशी गेली. जखम एवढीशी. आधी अशा जखमेवर हळद दाबून काम पुढे चालू ठेवायचो. त्या दिवशी अर्धा तास झाला तरी रक्त थांबेना, फडकं भिजलं, दुसरं भिजलं. घरी कुणी नव्हतं. शेजारच्या पोराने टाके घालायला नेलं.

पुढे काय केलं ते महत्त्वाचं. पहिलं म्हणजे गोळ्या स्वतःहून थांबवल्या नाहीत. तसा मोह होतो, आणि तो जिवावर बेततो, कारण नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दुसरं, लाकूड हातात धरणं बंद. टेबलाला शिकंजा बसवला, लाकूड त्यात आवळतो, दोन्ही हात धारेच्या मागे. डाव्या हातात कापरोधक मोजा. घरात कुणी असल्याशिवाय पटाशीला हात लावत नाही. आणि धार आधीपेक्षा जास्त ठेवतो, कारण बोथट हत्याराला जोर लागतो आणि जोर लावला की ते घसरतं.

पहिल्या सहा महिन्यांत मी फक्त पॉलिशपेपर घासला. कंटाळा आला, पण लाकडाचा वास नाकात राहिला.

भाकरी_शेंगाचटणी

पाणी भरून झालं. काका, तुमच्या मागाबद्दल एक सांगतो. दोरीचा धोटा १७३३ साली इंग्लंडात जॉन के नावाच्या माणसाने काढला. त्याआधी विणकर धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलायचा. म्हणजे तुमच्या मागावर एका हाताचं फेकणं-झेलणं आधीच वाचलेलं आहे. डाव्या हाताकडे उरलं फक्त ठोकणं. ते ओढणं मोठ्या स्नायूंचं काम, बोटांचं नव्हे. तुम्हीच लिहिलंय, खांदा उचलतो आणि कोपर सरळ होतं. मग जमायला पाहिजे की ओ.

हळूहळू_हात

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रुग्ण न तपासता उपचार सांगणं बरोबर नाही, म्हणून हे तुमच्या डॉक्टरांशी आणि फिजिओशी बोलायचे मुद्दे समजा.

१४ महिने झाले, आता काय सुधारणार, असं घरोघरी ऐकते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा भराभर होते. नंतर वेग कमी होतो, पण सुधारणा थांबत नाही. मेंदू पुन्हा शिकतो तो खऱ्या कामाच्या पुनरावृत्तीतून. मऊ चेंडू दाबून कंटाळलेला माणूस आवडीचं काम तासभर करतो, असं मी रोज पाहते. सातरस्ता यांचाही मुद्दा बरोबर आहे. पडणं हा मोठा धोका आहे, त्यामुळे बसायची जागा, पायाखालची फरशी आणि उठताना धरायला काहीतरी, हे आधी पाहायचं.

आता तीन प्रश्न. डाव्या हाताला गरम-गार, टोचलेलं कळतं का? खांदा दुखतो का? आणि जेवताना ताटाच्या डाव्या बाजूचं काही तसंच राहतं का?

तिसरा विचित्र वाटेल. पण उत्तर द्या.

माग_आणि_मी

सगळ्यांचे आभार. सातरस्ता, राग कसला, तुम्ही मनातलं लिहिलंत.

हळूहळू_हात ताई, गरम-गार थोडं उशिरा कळतं. खांदा रात्री दुखतो. तिसऱ्या प्रश्नाने अंगावर काटा आला. ताटातली डावीकडची चटणी राहते. सौ. म्हणायची, आताशा तुम्हाला तिखट नको झालंय. मला वाटायचं तिने वाढलीच नाही. पेपर वाचताना डावीकडचा रकाना सुटतो, बातमी मधूनच सुरू झाल्यासारखी वाटते.

आणि एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती, लाज वाटली म्हणून. गेल्या महिन्यात अर्धा तास विणलं, त्यात वीतभर टॉवेल झाला. सौ.ने उचलून उजेडात धरला. डाव्या काठापासून तीन बोटांवर ताण्याचे पाच-सहा धागे तुटलेले, आणि तिथून शेवटपर्यंत जाळी पडलेली. मी समोर बसलो होतो, वीतभर विणलं, आणि मला ते दिसलंच नाही. वडिलांना खोलीत शिरल्या शिरल्या मागाच्या आवाजावरून धागा तुटल्याचं कळायचं. मागावर चादर टाकली ती खरं तर त्यामुळे. हात चालत नाही त्याचं इतकं नाही. मला वाटलं, माझी नजर गेली.

हळूहळू_हात

दादा, नजर गेलेली नाही. डोळे ठीक असू शकतात. मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की कधी कधी डावीकडच्या जगाकडे लक्ष जाणं कमी होतं. माणूस डावीकडच्या दाराच्या चौकटीवर आपटतो, दाढी डावीकडे राहते. हे आळसाने किंवा विसरभोळेपणाने होत नाही, आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना नक्की सांगा. दृष्टीचं क्षेत्रही तपासून घ्या, कारण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि कधी एकत्रही असतात. रस्ता ओलांडताना तर फार जपा. तोवर गाडी चालवू नका.

वाचनासाठी आम्ही एक साधी युक्ती करतो. पानाच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ. प्रत्येक ओळ सुरू करताना आधी लाल रेघ शोधायची, मग वाचायचं. तुमच्या फणीच्या डाव्या टोकाला लाल चिकटपट्टी लावून बघा.

कांडीवाली

ताई, चिकटपट्टी कशाला? ताण्यातच लाल धागे घाला ना!

मी साखर पेठेत वाढले. अम्मा जन्मभर घरी कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या बारीक नळ्यांवर सूत गुंडाळायची, आम्ही पोरी शाळेतून आलो की हाताखाली. काका, नवा ताणा लावाल तेव्हा डाव्या काठाला दहा-बारा धागे लाल घ्या, तेही जरा जाड. बाकी सगळा पांढरा. दर ठोक्याला आधी लाल काठ दिसला पाहिजे, मगच दोरी ओढायची. पट्टी फणीवर एका जागी राहील, लाल काठ कापडाबरोबर पुढे सरकत राहील.

दुसरं म्हणजे मागावर नंतर बसा. आधी कांड्या भरा. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या हाताच्या बोटांतून सूत सोडायचं. फार दाबलं तर तुटतं, सैल सोडलं तर कांडी पोकळ होते. अम्माच्या हातालाही शेवटी कंप होता, पण कांडी बसली की बोटं शांत व्हायची.

सुईदोरा

कांडीवाली, किती छान सुचवलंत.

मी कसुतीचं भरतकाम करते. आजोळ धारवाडकडचं, तिकडून आलेला नाद. गवंती, मुरगी, नेगी, मेंथी हे चारच टाके, सगळे धागे मोजून. चार वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला. शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या आणि त्या बाजूच्या हाताला सूज येऊ लागली. उपचारादरम्यान बोटं बधिर झाली, सुई धरलीय की नाही ते बघावं लागायचं. एकदा सुई टोचलेली कळली नाही, दोन दिवसांत हात लाल झाला, ताप आला. तसा हात असेल तर साधी टोचणीही चिघळते.

परत आले ती अशी. मध्यम कापड सोडून जाड मॅटी घेतलं, छिद्रं मोठी. बोटाला टोपण घातल्याशिवाय सुई हातात घेत नाही. हाताखाली उशी आणि २० मिनिटांचा गजर. गजर झाला की टाका अर्धा असला तरी सुई टोचून ठेवते. माझ्यासाठी सगळ्यात अवघड तेच होतं.

सोडून बघितलं होतं, आठ महिने. बरं नाही वाटलं. लोक भेटायला यायचे तेव्हा त्यांच्याकडे आजाराशिवाय बोलायला विषय नसायचा. कसुती मांडीवर असली की विचारायचे, हे काय, गोपुर का?

उजनीकाठ

जरा अवांतर विचारतो. खरी सोलापुरी चादर आता ओळखायची कशी? भौगोलिक मानांकन आहे म्हणतात, पण बाजारात काहीही त्या नावावर खपवतात.

भाकरी_शेंगाचटणी

मानांकन आहे, चादरीलाही आणि टेरी टॉवेललाही. खरी चादर सुती, जड, आणि नक्षी विणीतच, मागावरच्या जकार्ड यंत्राने उतरलेली असते, वरून छापलेली नसते. उलटून पाहा. नक्षी मागच्या बाजूलाही रंग उलटे होऊन दिसते. आज बहुतेक माल यंत्रमागावरचा आहे, आणि ती चादरही अस्सल सोलापुरीच. हातमाग आता थोड्या घरांत उरलाय. माझ्या लहानपणी रात्री गल्लीतून खटखट ऐकू यायची. आवाज बंद झाला तर झोपमोड व्हायची.

उजनीकाठ

धन्यवाद. म्हणजे धाग्यावर धाग्यांचीच चर्चा चाललीय!

जुना_रेडिओ

मूळ विषयावर येतो. मी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करतो. पेसमेकर बसवल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला, डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, इस्त्री चालेल का. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण छातीशी धरून काम करू नका. स्पीकरचं मोठं चुंबक आणि मोबाइल पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर लांब. वेल्डिंगला जायचं नाही. आधी मी स्पीकर पोटाशी धरून तपासायचो, आता टेबलावर. एवढाच फरक पडला, आणि विचारलं नसतं तर भीतीपोटी सगळं सोडून बसलो असतो. म्हणून काका, तुमच्या डॉक्टरांना मागाचा फोटो दाखवा. कोणता हात काय करतो ते करून दाखवा. "हलकी कामं करा" याचा अर्थ त्यांना एक वाटतो, आपल्याला दुसरा. पहिला रेडिओ सुरू झाला तेव्हा आकाशवाणी सोलापूर लागलं होतं, आणि मी बायकोला उगाच तीनदा हाक मारली.

पटाशी

डाव्या हाताने चौकट धरायला सायकलच्या मुठीचं रबर बसवा. जाड पकड बोटांना सोपी जाते. काही जण हात पट्ट्याने बांधा म्हणतील...

हळूहळू_हात

पट्ट्याने बांधू नका! बधिर हात, दुखरा खांदा, आणि चौकट अडकली तर झटका सरळ खांद्याला बसेल. रबराची मूठ चांगली कल्पना आहे. पन्हा अरुंद घ्या, म्हणजे हात शरीराजवळ राहील. दुखायला लागलं की थांबा. थकवा या आजारात फार असतो, त्याला कमजोरी समजू नका. बसण्याआधी रक्तदाब बघा.

सातरस्ता

सगळं वाचलं. काका, बसायला बाकाऐवजी हात असलेली जड खुर्ची घ्या, आणि माग असा लावा की उजवीकडे भिंत येईल. उठताना चांगल्या हाताला आधार पाहिजे. वडिलांसाठी हे केलं नव्हतं, म्हणून सांगतोय.

माग_आणि_मी

पाच आठवड्यांनी लिहितोय. त्या हॉटेलवाल्या गृहस्थांना नाही म्हणून कळवलं. मुलाला हा धागा वाचायला दिला. सुईदोरा ताईंच्या पोस्टपाशी तो बराच वेळ थांबला, मग म्हणाला, पलंग मधल्या खोलीत टाकू.

डॉक्टरांनी तपासलं. डोळे ठीक आहेत, डावीकडे लक्ष कमी, हळूहळू_हात ताई म्हणाल्या तसंच. मागाचा व्हिडिओ बघून ते म्हणाले, सकाळी २० मिनिटं, घरात कुणीतरी असताना.

पहिले तीन आठवडे फक्त कांड्या. पहिल्या दिवशी ११ वेळा सूत तुटलं. नात मोजत होती, "ताता, अकरा!" कांड्या मधे फुगीर, टोकाला पोकळ, धोट्यात बसेनात. मी चिमटीत धरत होतो, म्हणून तुटत होतं. मग सौ.ने सूत माझ्या तर्जनीवरून नुसतं वाहू दिलं आणि सांगितलं, धरू नका, टेकवा. तिसऱ्या आठवड्यात एका बैठकीत सहा कांड्या झाल्या, त्यातल्या चार वापरण्यासारख्या.

कांडीवाली ताई, जावयाने नवा ताणा लावून दिला. पन्हा १४ इंच, डाव्या काठाला १२ लाल धागे. सातरस्ता, खुर्ची जड घेतली, भिंत उजवीकडे आहे. रबराची मूठ बसवली.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ पाहून आलो, दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो. लाल काठ बघायचा, दोरी ओढायची, परत लाल काठ, मग ठोकायचं. पूर्वीचा ताल नाही. आधी एका श्वासात होणारं आता चार श्वासांत होतं. दहा-बारा ठोके झाले असतील, लाल काठाच्या आत दुसराच धागा लोंबताना दिसला. तुटलेला. मला दिसला! सौ. स्वयंपाकघरात होती, मी इतक्या जोरात हाक मारली की ती पीठभरल्या हातांनी पळत आली, तिला वाटलं मी पडलो. गाठ तिनेच मारली.

२० मिनिटांत चार बोटं कापड झालं. उजवा काठ सरळ, डावा आत ओढलेला. फोटो उद्या टाकतो.

कांडीवाली

काका, काठ आत ओढला जातोय तर बाण्याचा धागा जरा सैल सोडा, तिरका टाकून मग ठोका.

माग_आणि_मी

तेच करून बघतो. कांड्या संपल्यात, दुपारी भरायला बसणार आहे.